उन्हाळी

सीतलामाता बाजारात साड्या दाखवते मी,
अकरा वर्षं.
घडी मोडायची, घडी घालायची,
आणि सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत
पाणी दोन घोट.
तिसरा घोट म्हणजे सराफ्याच्या टोकापर्यंत चालणं,
तिथली रांग, तिथली ओल,
परतल्यावर सेठचं घड्याळाकडे बघणं.

भर भाद्रपदात जळायला लागलं.
थेंब थेंब, आणि प्रत्येक थेंबाला मिरची.
जाऊबाई म्हणाल्या, उन्हाळी लागलीय, धण्याचं पाणी घे.
घेतलं. रात्री सात वेळा उठले,
मग हुडहुडी, ताप, कमरेत कळ.

डॉक्टर मुळ्येंनी आधी तपासणीची बाटली दिली, मग प्रश्न:
"पाणी किती पिता?"
मी दोन बोटं दाखवली.
त्या हसल्या नाहीत.
"जंतू आहेत हे, लाज नव्हे.
अडवून ठेवलंत की वाढतात.
बरं वाटलं तरी गोळ्या संपवायच्या."

तिसऱ्या दिवशी बरं वाटलं.
वाटलं, उरलेल्या रेहानाला द्याव्या,
तिलाही जळतं.
नाही दिल्या. तिला बाईंकडेच नेलं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक दार आहे,
सेठच्या घरच्यांसाठी. कुलूप.
(शहरातल्या भिंतींवर स्वच्छतेची चित्रं,
रोज बघत येते.)
दिवाळीच्या गर्दीआधी म्हटलं,
"सेठ, किल्ली."
"कसली?"
सांगितलं, कसली.
गिऱ्हाईक समोर होतं, माहेश्वरी अर्धी उलगडलेली.

आता किल्ली खिळ्याला असते,
फॉलची जांभळी चिंधी बांधलेली.
पायाशी माझी बाटली.
दुपारपर्यंत अर्धी झाली नाही
तर रेहाना ओरडते.