पाळी बदलताना

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये
एक पत्र्याची पेटी दर दोन-तीन दिवसांनी मरायची.
सळया मोजता मोजता गप्प.
स्क्रीनवर शेवटच्या बत्तीस ओळी,
मग नुसता पंख्याचा आवाज.

सगळे म्हणाले, भट्टीमुळं.
भट्टी पेटली की अख्ख्या एमआयडीसीचे दिवे मान खाली घालतात,
तिथं या कर्नलची काय कथा.
स्टॅबिलायझर आणला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा,
वर दोन बादल्या पाणी.
तिसऱ्या दिवशी पुन्हा मेली.

मी सिरियल केबल लावून ठेवली.
मरणारा बोलतो ते नीट उतरवून घ्यायचं
आणि वाचायचं खालून वर:
कोणी कोणाला हाक मारली, त्यानं कोणाला,
आणि कोण कुठल्या दारात कोसळलं.

दार होतं. पत्ता बरोबर होता.
आमच्या अंबडला बदली होऊन गेलेल्या मास्तरांची पत्रं
तीन वर्षं जुन्या खोलीवर येत होती
आणि नवा भाडेकरू ती फोडून
उत्तरंही पाठवत होता.
तसंच काहीतरी.

पण कधी? पेटीचं घड्याळ १९७० सालात अडकलेलं,
आणि मी नऊला यायचे तेव्हा सगळं थंड.

मागचं व्हर्जन चांगलं, आताचं वाईट, मधे हजारभर बदल.
निम्मे घ्यायचे. बांधायचं, चालवायचं,
मरायची वाट बघायची.
निम्म्याचे निम्मे.
आणि जी पेटी चार दिवस मरत नाही
ती बरी आहे, का नुसतीच
अजून मेलेली नाही?

युनूसमामू रात्रपाळीचे.
आधी खडूनं सळया मोजायचे, भिंतीवर.
एकदा सकाळी जाता जाता थांबले, म्हणाले,
"हौ मॅडम, ती सहालाच मरती.
मी निघताना अन् किशन येताना
दोघांचा अंगठा एकदम पडला की मेली.
रोज नाही पडत तसा."

मी डबा उघडून बसले होते. तसाच झाकला.

एक जण नाव पुसत होता,
दुसरा त्याच क्षणी तेच नाव वाचत होता,
मधे कडी नव्हती.
तीन ओळी वर सरकवल्या, एक कुलूप घातलं.
सहा आठवड्यांचं काम
हाताच्या तळव्यावर मावलं.

मग मामू आणि किशन धानुरे
दुपारभर अंगठे लावत बसले,
एक, दोन, तीन म्हणत,
शाळेतल्या पोरांसारखे. चारशे वेळा.

पॅचच्या तळाशी एक ओळ असते, कोणी कळवलं त्याची.
तिथं लिहिलं: सय्यद युनूस, रात्रपाळी.
त्यांना दाखवलं. बराच वेळ बघत राहिले,
मग हळूच विचारलं,
"याचे पगारातून कटत नाहीत ना?"

पेटी चालू आहे.
बरी झाली, असं मी म्हणत नाही.
आज एक्केचाळीस दिवस,
एवढंच म्हणते.