पट एकोणीस

टॉवेलच्या कारखान्यात साठा लिहितो मी,
बावीस वर्षं झाली.
डझन, गठ्ठे, सेकंड माल.
आकडा गोल आला की थांबतो,
पुन्हा मोजतो.

पद्माची बदली उपकेंद्रात झाली,
बोरहळ्ळी, तालुका अक्कलकोट,
तेव्हा घरभाडं नंतर विचारलं.
आधी शाळेची माहिती काढून आणली
झेरॉक्सवाल्याकडून, आडव्या कागदावर, पाठपोट.

जिल्हा परिषद शाळा, पहिली ते चौथी.
खोल्या तीन, पैकी एक मोठ्या दुरुस्तीस पात्र.
शिक्षक दोन. पट एकोणीस.
मुलींचं स्वच्छतागृह: आहे.
पाणी: आहे.
संगणक: एक, चालू.
पुस्तकं: तीनशे.

इथं थांबलो.
कुठल्याच कपाटात तीनशे पुस्तकं नसतात.
दोनशे सत्याण्णव असतात, नाहीतर तीनशे चार.

पुढं मातृभाषेचा रकाना.
कन्नड सोळा, उर्दू दोन, मराठी एक.
तेलुगू शून्य.
त्या शून्यावर बराच वेळ बोट ठेवून बसलो.
निहारिका घरात तेलुगू बोलते, जिन्यात हिंदी, वर्गात मराठी.
भांडताना तिन्ही.

पद्मा म्हणाली,
पोरगी पाठवतोयस की लॉट?

शनिवारी सकाळची शाळा.
एसटीतून उतरलो तर दोन्ही बाजूंना ज्वारी,
माणसापेक्षा उंच, कणसं भरलेली,
आणि मध्ये निळ्या पट्ट्याची भिंत.
खिशात घडी केलेला कागद.

संगणकावर चादर पांघरलेली,
चौकडीची, आमच्याच पेठेतली असावी.
कलशेट्टी सरांनी ती उचलली.
"चालू आहे," म्हणाले, "लाईट नाही."
यात खोटं काहीच नव्हतं.

नळ होता. टाकी होती.
टाकीत पाणी सोडणारा माणूस
मंगळवारी येतो आणि शुक्रवारी येतो,
आला तर.
त्याच्यासाठी कागदावर रकाना नाही.

मी कपाट उघडायला लावलं.
रागावतील वाटलं होतं,
त्यांनी स्टूल सरकवलं.
मोजली. दोनशे चौऱ्याऐंशी.
"बाकीची सोळा?"
सर खिडकीबाहेर बघत बोटं मोडू लागले:
चार गावातच, पोरांच्या दप्तरात.
आठ ऊसतोडीबरोबर गेलीत माळशिरसकडं,
चार पार बेळगावच्या पुढं.
"पोरं जातात तर पुस्तकंपण जाऊ देत, म्हटलं.
पाडव्यानंतर येतात. फाटलेली येतात."
मी मनात बेरीज केली.
तीनशे.

मग तिसरीतला मलकारी उभा राहिला,
मी कागद काढलेला बघून घाबरला असेल.
परिच्छेद दिला होता कोल्ह्याचा.
एकेक अक्षर करत तो विहिरीपर्यंत पोचला
आणि तिथंच अडकला.
माझ्या कागदावर: परिच्छेद वाचतात, तीन. वाचत नाहीत, दोन.
हा दोघांतला एक.

सर कन्नडमध्ये काहीतरी बोलले.
मलकारीनं हात वर केले, कोल्हा केला,
विहिरीत वाकला, आवाज घुमवला,
बाहेर आला की नाही ते शेवटपर्यंत सांगेना.
सगळी शाळा हसली, चारी वर्ग, एका खोलीतले.
मला एक शब्द कळला नाही.
गोष्ट कळली.

निघताना सर फाटकापर्यंत आले.
विसाच्या आतल्या शाळांची यादी मागवलीये तालुक्यानं,
असं म्हणाले, सहज,
आज ऊन फार नाही म्हणावं तसं.
निहारिकाचं नाव विचारलं नाही.
मीच सांगितलं, येमूल, दुसरी.

एसटी यायला अर्धा तास होता.
थांब्याच्या कठड्यावर कागद पसरला,
तेलुगूचं शून्य खोडलं, पेन्सिलीनं एक लिहिलं.
मग बेरजेच्या घरात
एकोणीसच्या जागी वीस.

वीस.
गोल आकडा.

बसलो, पुन्हा मोजत.