शेरा

कंबाला हिलच्या उतारावर दोन बंगले,
मधे भिंत, भिंतीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा.
इकडे एका देशाची वकिलात, तिकडे दुसऱ्याची.
देशांची नावं सांगत नाही.
बेस्टमध्ये एकतीस वर्षं मीटर वाचले;
ग्राहकाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही
ही शिस्त अजून जिभेवर आहे.

त्यांचं युद्ध मी पेपरात वाचलं नाही,
मला ते युनिटांत कळलं.
एरवी आठ-नऊशेवर थांबणारा आकडा
त्या मार्चात दोन हजार दोनशे सहा,
आणि भिंतीपलीकडे दोन हजार दोनशे अकरा.
टॉर्च मारून पुन्हा बघितलं.
दोन्ही घरं रात्र रात्र जागत होती,
टेलेक्स, पंखे, चहाची शेगडी,
एकमेकांच्या उजेडावर नजर ठेवून.
वैऱ्यांमधला फरक पाच युनिटांचा.
एवढा तर फ्रिजचं दार नीट न लागल्यानेही पडतो.

इकडच्या फाटकावर शिगवण, तिकडच्या पाष्टे.
दोघे गुहागरचे, शिमग्याला एकाच एसटीने जाणारे.
वरून हुकूम आला: पलीकडच्या माणसाशी बोलायचं नाही.
नाही बोलले.
मध्यरात्री शिगवण खोकायचा,
आणि भिंतीच्या बुडातल्या पाण्याच्या भोकातून
पाष्टे चुन्याची डबी सरकवायचा.
डबी म्हणजे काही बोलणं नव्हे.

इकडच्या माडीचा मीटर वेगळा होता.
महिन्याला छत्तीस युनिट, कमी नाही, जास्त नाही:
शंभरचा बल्ब, बारा तास, तीस दिवस.
मुलगा आघाडीवर गेल्यापासून साहेबांच्या बाई
त्याच्या खोलीत रात्रभर दिवा ठेवत.
नोव्हेंबरात गेलो तर चकती थांबलेली.
सील तपासलं, काचेवर टिचकी मारली.
शिगवण म्हणाला, "मारू नका, साहेब. मीटर बरोबर आहे."
शून्य सात तीन एक सहा.
तो आकडा मी सतरा वर्षं उतरवला.
साहेब बदलत गेले, माडी कुणी उघडली नाही.

मग समेट झाला.
कुठल्याशा थंड शहरात सह्या झाल्या,
आणि इथे ठरलं की सोहळा दोघांच्या हिरवळीवर करायचा,
त्यासाठी भिंत आठ फूट पाडायची.
भिंत एका सकाळीत पडली.
घोडं अडलं ते माइकच्या वायरीपाशी.
तात्पुरतं कनेक्शन कुणाच्या मीटरवरून?
इकडून घेतलं तर तिकडचा मान जातो,
तिकडून घेतलं तर इकडचा.
तीन दिवस पत्रं गेली, पत्रं आली.
शेवटी वायर टाकली
नाक्यावरच्या रामसुमेर कनोजियाच्या लाँड्रीतून.
दोन्ही झेंड्यांना इस्त्री त्यानेच केली होती,
एकाच टेबलावर, एकाच दुपारी.
घडी घालून कुठला वर ठेवला, कुठला खाली,
ते त्याने मलाही सांगितलं नाही.

संध्याकाळी दोन राष्ट्रगीतं वाजली,
एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, थोडी खरखर.
पुढच्या बिलात रामसुमेरचे तेवीस युनिट जास्त.
बिल घेऊन माझ्याकडे आला:
"मैत्री त्यांची आणि भरू मी?"
मी म्हटलं, तक्रारीचा अर्ज दे.
तो म्हणाला, कुणाच्या नावे लिहू?
आम्ही दोघंही तिथे उभ्या उभ्या खूप हसलो.
मग त्याने भरलं.

भिंत गेली तशी दोन फाटकांची गरज उरली नाही.
पाष्टेला हिशेब देऊन मोकळं केलं.
शिगवण अजून खोकतो रात्री,
सवयीने, त्याच बाजूला तोंड करून.

त्या महिन्यात मी नेहमीसारखा आत गेलो.
पडलेल्या भिंतीतून वारा मोकळा येत होता,
कुणाची तरी लहान मुलं
या अंगणातून त्या अंगणात पळत होती.
जिन्याखाली वाकलो, टॉर्च मारली.
शून्य सात तीन एक सहा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मीटर ठीक. वापर नाही.