तागडी

वडगावात, गल्लीच्या तोंडाला माझं दुकान.
बुधवारी एक बकरं, रविवारी दोन,
मंगाईच्या जत्रेला किती ते विचारू नका.
सोमवारी बंद. सोमवारी मी मेथी खातो,
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

लुमाण्णा मागावर होता, चाळीस वर्षं.
मागाच्या खडखडाटानं कान गेलेले,
म्हणून बोलायचं ते ओरडून.
आज त्याच्याकडं काय शिजणार
ते चार घरं पलीकडं कळायचं:
"एक किलो! मांडीचं! आणि चरबी राहू दे की जरा,
काढून काढून नुसती हाडं घालतोस!"

मग पाऊण.
मग एका रविवारी अर्धा, आणि अगदी हळू,
"चरबी काढ."
लुमाण्णाचा हळू आवाज
मी पहिल्यांदा ऐकला.

सिव्हिलमधला डॉक्टर, गदगकडचं पोरगं,
केसपेपर पालथा करून त्यानं एक नळी काढलेली,
नळीच्या आत पेनानं गिरगिटलेलं.
"कोब्बु भाळ ऐति, अज्जा. मटण ब्याड."
लुमाण्णाचं कन्नड बसपुरतं, बाजारापुरतं,
पण कोब्बु त्याला कळला.
कोब्बु म्हणजे चरबी. कोब्बु म्हणजे माजसुद्धा.
"आपल्यात पण चरबी चढली म्हणतातच की,"
कागद माझ्या ओट्यावर पसरून तो हसला,
"पाट्यांवरनं एवढी भांडणं,
आणि शिवी बघ, एकच."

मग हसू आवरून:
"खरं सांग. मटणानंच होतंय काय हे?"

मी काय सांगू.
कुलूप कसलं घ्यावं हे चोराला विचारतोस होय?

माझा आजा नव्वदीत गेला, दात शाबूत.
पण घरात मटण शिजायचं ते जत्रेला, म्हाळाला,
पाहुणा आला तर,
नाहीतर विकलं गेलं नाही तर.
हुक्केरीच्या बाजारातनं बकऱ्यांमागनं तो चालत यायचा,
दोन दिवस.
मी स्कूटरवर बसून मोरीपर्यंत जातो.

आणि पारिसा मास्तर.
कांदासुद्धा कधी शिवला नाही,
त्यांची छाती उघडली मागल्या दिवाळीत.
तेव्हापासनं लोक त्यांच्याकडं बोट दाखवतात
आणि माझ्याकडं किलो मागतात.
मी देतो. मास्तरांनी काय शाबीत केलं
ते मला कळलेलं नाही.

एक मात्र आहे.
थंडीत दुकान धुतलं की चरबी मोरीत गोठते,
पांढरी, मेणबत्तीसारखी.
किटलीभर उकळतं पाणी ओतल्याशिवाय हलत नाही.
त्या पोरानं काढलेली नळी मला तिथं दिसते.
माणसाच्या आत गरमच असतंय की,
असं मी मलाच सांगतो,
आणि दुसरी किटली ठेवतो.

शेवटी शेवटी लुमाण्णा येईना.
सून यायची, मंजुळा. "मामा, मी आलो,
पाव किलो, सुपापुरतं."
ते पण तो खायचा नाही म्हणे,
ताटाशी बसून वास घ्यायचा
आणि मिठाशिवायच्या भाकरीला नावं ठेवायचा.
गेला तो मटणानं नव्हे, न्यूमोनियानं.
आता ह्यात कुणाचं खरं झालं?

परवा म्हाळाच्या दिवशी मंजुळा उभी,
हातात तोच जुना डबा.
"एक किलो. मांडीचं.
चरबी राहू दे म्हणालेत."

कोण म्हणालेत ते मी विचारलं नाही.
तोललं, वर बोटभर आणखी ठेवलं,
पैसे गल्ल्यात टाकले.
गल्ल्यात, नोटांच्या खाली,
माझा रिपोर्ट घडी घालून आहे, श्रावणातला.
त्यातला आकडा घरात कुणाला सांगितलेला नाही.

पारडी रिकामी केली.
काटा मधोमध यायला
हल्ली जरा वेळ लावतो.