निळे मला दे

कोकुरात जुलै लागला की रस्त्यांवर ढोल निघतात,
आमच्या मजल्यावर मात्र खिडक्या बंद.
इथे वीस यंत्रं, वीस माणसं
आणि रक्त फिरवणाऱ्या पंपांची घरघर,
जी मी घरी भात लावतानाही ऐकत असते.
सोम, बुध, शुक्र. चार-चार तास.
मी सुया टोचते, रक्तदाब लिहिते,
कुणाच्या पायात गोळा आला की पोटरी चोळते.

सात नंबरवर इत्तेत्सु, वय बावीस,
रात्रपाळीत दुकानाच्या फळ्या भरणारा.
त्याचा डावा हात सुयांच्या स्वाधीन.
आठवर सुएयोशी-सान, पोलाद कारखान्यातले जुने क्रेनवाले.
त्यांचा उजवा.
डाव्यातली शीर तीन वर्षांपूर्वीच बसली.

पोरगं हातातल्या खेळावर ढोल वाजवायचं,
म्हणजे वाजवू बघायचं,
एका अंगठ्याने.
पडद्यावर उजवीकडून गोल सरकत येतात,
लाल आला तर पानावर थाप,
निळा आला तर किनारीवर टिपरी,
आणि एक अंगठा दोन्हीकडे धावणार किती?
चुकलं, लिहून यायचं. चुकलं. ठीक. चुकलं.

सुएयोशी-सान मान कलती करून बघत राहिले,
तीन सोमवार.
चौथ्या सोमवारी छताकडे बघत म्हणाले,
"निळे मला दे."

मी जेवणाचं चाकांचं टेबल दोन खाटांमध्ये सरकवलं.
ते टेबल जेवणासाठीच वापरायचं असा नियम आहे.
तोयोफुकु-सान, आमच्या मुख्य परिचारिका,
तेवढ्यात कपाटातली पट्ट्यांची खोकी मोजायला लागल्या.

एक वायर, दोन कान.
एकाचा उजवा हात, एकाचा डावा,
मध्ये वहीएवढाही नाही असा ढोल.

म्हातारा घाई करायचा.
प्रत्येक टिपरी केसभर आधी.
"मिरवणुकीत शेवटच्या झांजवाल्यापर्यंत
आवाज पोचायला वेळ लागतो," ते म्हणाले,
"म्हणून आधी मारायची."
"इथे मागे कोण आहे?" इत्तेत्सुने विचारलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
नऊ नंबरच्या बाई मात्र,
ज्या कधी कुणाशी बोलत नसत,
चादरीखाली पायाचा अंगठा हलवत होत्या. मी पाहिलं.

मग आपला ढोल त्यांनी समजावून सांगितला:
गाड्यावर बांधलेला, दोन तोंडांचा,
एका अंगाला खर्ज, दुसऱ्याला कोरडा खणखणीत,
दोघं दोन बाजूंना, आणि चालत चालत वाजवायचं.
"चालत," ते पुन्हा म्हणाले,
आणि पांघरुणाखालच्या पायांकडे बघितलं,
जणू ते कुणी तरी विसरून गेलेलं सामान.

सप्टेंबरात एकदा पूर्ण गाणं बिनचूक गेलं.
एकही गोल सुटला नाही.
पडद्यावर कागदी फुलं उधळली,
आणि दोन मोठी माणसं आवाज न करता इतकी हसली
की इत्तेत्सुच्या यंत्राने शिट्टी दिली.
रक्तदाब मी दहा मिनिटं उशिरा घेतला.
तो आकडा मला वहीत नको होता.

ऑक्टोबरात इत्तेत्सुला त्याच्या आईची किडनी बसली.
जाताना त्याने खेळ आठच्या उशीशी ठेवला,
चार्जर गुंडाळून, रबर लावून.
"परत न्यायला येईन," म्हणाला.
"इथे येऊ नकोस," सुएयोशी-सान म्हणाले,
आणि ते शिव्या दिल्यासारखं म्हणाले.

आता सातवर एक मास्तर असतात, झोपून जातात.
टेबल मी अजूनही मध्येच सरकवते.
सुएयोशी-सान निळे वाजवतात.
लाल येतात, जातात.
चुकलं. चुकलं. चुकलं.
अंगठा पोचतो त्यांचा,
पण लालला ते हात लावत नाहीत.

काल नळीची चिमटी सैल करायला मी वाकले,
लाल सरकत येत होता,
आणि हातमोज्यातलं माझं बोट आपोआप गेलं.
ठीक, लिहून आलं.

"उशीर केलात," सुएयोशी-सान म्हणाले,
डोळे पडद्यावरच.
"दोन लागोपाठ येतायत. बघा."