नावलौकिक

नरिमन पॉइंटला, अकराव्या मजल्यावर
मी फुटबॉल क्लबांच्या किमती काढते.
चेंडूला माझा पाय कधी लागलेला नाही.

समोर तक्ता, शेजारी गार झालेला चहा.
आधी बघायचं, मैदान स्वतःचं की भाड्याचं.
मग प्रक्षेपणाचे हक्क, किती वर्षांचे, किती देशांत.
छातीवर कुणाचं नाव, बाहीवर कुणाचं.
मग भीती: हरलं तर खालच्या फळीत ढकलतात का?
जिथे ढकलत नाहीत, तिथे शेवटून पहिला आलेला क्लबही
सरकारी नोकरीतल्या माणसासारखा निवांत,
आणि निवांतपणाला बाजारात भाव आहे.

खेळाडू मालमत्तेत.
बावीस वर्षांचा पोरगा
पाच वर्षांत, समान हप्त्यांनी, घासून शून्य करायचा.
करंडकांनी आकडा फारसा हलत नाही.
हलतो तो तिसऱ्याच देशात
पहाटे तीनचा गजर लावून उठणाऱ्या माणसामुळे,
ज्याने ते शहर कधी पाहिलेलं नाही
आणि ज्याच्या अंगात जर्सी आहे, खरी, महागातली.

एवढं मांडून जे उरतं,
ज्याला हात लावता येत नाही,
त्याला ताळेबंदात म्हणतात नावलौकिक.

मार्चात हनीफ दळवी आले.
पिशवीत काय आहे म्हणून सुरक्षारक्षकाचा दोनदा फोन.
पिशवीत माझगाव वँडरर्सची रोजकीर्द
आणि चेंडूत हवा भरायचा पंप, तो का, कोण जाणे.
'तुझ्या बाबांनी नऊ वर्षं आपला गोल सांभाळला.
आता तू सांग, वृषाली, आपण केवढ्याचे?'

एक कंपनी विचारत होती.
पोरं नको होती त्यांना, प्रशिक्षक नको.
नाव हवं होतं आणि नावाखालचं साल, १९३४.
नव्या क्लबकडे सगळं असतं, साल नसतं.
ते दुसऱ्याचं विकत घ्यावं लागतं.

मी तक्ता उघडला.
मैदान: रविवारी सकाळी, नऊपर्यंत.
प्रेक्षक: गोदीच्या भिंतीवर बसतील तेवढे.
प्रायोजक: अर्देशीर बेकरी, पावाच्या रूपात.
'खेळाडूंचे करार?'
'करार कसले? खालून हाक मारतो मी.'
शून्यं मांडत गेले.
शेवटच्या ओळीत थांबले.
ती कंपनीने आधीच भरून पाठवली होती.

हनीफभाईंनी विकलं.
त्यांच्या जागी मी असते तरी विकलंच असतं.
ओवेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं,
चार वर्षांचं तुंबलेलं भाडं फिटलं,
उरल्यासुरल्यात जाळी आली, निळी, नायलॉनची.
कलम सात: सर्व कपड्यांवरून चिन्ह काढून टाकावे.

म्हणून शनिवारी रात्री इग्नेशियस लोपीस
ब्लेड घेऊन बसले. वीस जर्सी.
टाका उसवायचा, धागा वेचायचा, फुंकर मारायची.
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
मी मदतीला गेले आणि दोन जर्सींना भोकं पाडली.
'तू आकडे बघ,' ते म्हणाले. रागाने नाही.

रविवारी पंचांनी विचारलं, नाव काय लिहू?
कुणीच बोलेना.
मग रेषेबाहेरून, कुबडीवरून, ओवेस ओरडला,
'लिहा ना कायपण, ऊन चढतंय!'

जर्सी विटून पार शेवाळी झालेल्या.
फक्त छातीशी, डावीकडे,
बिल्ल्याखाली जिथे ऊन पोचलंच नव्हतं
तिथे मूळचा हिरवा, गडद,
जहाजाच्या नांगराच्या आकाराचा.
अकरा जणांच्या छातीवर. पळताना हलणारा.

दोन-शून्य हरलो आम्ही.
लोपीसांनी जर्सी गोळा केल्या, मोजल्या.
एकोणीस.
पुन्हा मोजल्या.
मी माझ्या बॅगेची चेन लावली
आणि आभाळाकडे बघितलं, उगाच.