चार नंबर

झाइरा हातोडा देते, रबरी डोक्याचा,
आणि वर बजावते, मारायचा नाही.
मग कशाला दिलास?
"ऐकायला."

म्त्कवारीकाठच्या या कारखान्यात सहा सायलो.
पाच सरळ स्वभावाचे.
चौथ्याच्या नरसाळ्याला आधीच्या माणसांनी
ठोकून ठोकून देवीचे वण पाडलेत.
बाहेर खड्डा, म्हणजे आत उंचवटा.
त्या उंचवट्याला अडते पुढची भुकटी,
म्हणून पुढचा माणूस आणखी जोरात ठोकतो.
"राग असाच साठतो," मी हुशारी केली.
"राग नाही रे बाद्री, सिमेंट,"
ती म्हणाली, आणि शिडी चढू लागली.

वैद्य पाठीवर वाजवतो तसं
ती पत्र्यावर वाजवत जाते, खालून वर.
ठप्प म्हणजे भरलेलं.
ठण म्हणजे मोकळं.
ठप्पच्या खाली ठण आलं
की समजायचं, आत कमान धरलीय:
वर ऐंशी टन, खाली पोकळी,
मधे कुणीच न बांधलेला पूल.
त्याच्याखाली डोकं घालायचं नसतं.
ओतारनं घातलं होतं.
एवढं सांगून ती पुढच्या पत्र्याकडे वळते.

पाणी बाहेरून येतं असं वाटतं सगळ्यांना.
ते येतंही, झाकणाच्या चिरलेल्या रबरातून,
पण बरंचसं आधीच आत असतं,
रात्रीची वाट बघत.
दिवसभर तापलेल्या पत्र्याला नदीचा गारवा लागला
की छपराला आतून घाम फुटतो,
एक थेंब, एक खडा.
गिरणीतून गरम माल घाईनं भरलास
तर त्यातला जिप्समच पाणी सोडतो.
म्हणजे कोरड्यालाही पाझर असतो.
(हे माझं. तिच्यासमोर बोललो नाही.)

कॉम्प्रेसरजवळच्या काचेत निळे दाणे.
गुलाबी झाले की बदलायचे,
गुलाबीसर झाले तरी बदलायचे,
साहेब महाग म्हणाला तरी.
तळाला जाड कापडाच्या पट्ट्या,
त्यातून फुंकर, थांबून थांबून,
गरम दुधावर घालतात तेवढीच.
आणि गिऱ्हाईक नसलं तरी
तिसऱ्या दिवशी खालचं काढून वर चढवायचं.
"कुणासाठी?"
"त्याला पडून राहायची सवय लागू नये म्हणून."

ऑक्टोबरात तिनं गावी नेलं.
तळघरात गळ्यापर्यंत पुरलेली क्वेव्री,
आत द्राक्षं फसफसत होती,
वर सालींची जाड साय धरलेली.
तिचा म्हातारा बाप लांब काठीनं ती खाली दाबत होता.
दिवसातून चारदा, रात्रीही एकदा.
मी झाइराकडे पाहिलं.
ती ब्रेड कापत होती, चीजचं ताट माझ्याकडे सरकवत.
या गोष्टीवर आम्ही कधीच बोललो नाही.

ती निवृत्त झाली त्या जानेवारीत
नव्या वर्षापासून जुन्या नव्या वर्षापर्यंत
कारखाना बंद होता.
नवव्या रात्री मी आलो.
पहारेकरी हसला, बायकोनं हाकललं का?
चार नंबरला कान लावला.
ठप्प. ठप्प. ठप्प.
मग, गुडघ्याच्या उंचीवर,
ठण.

हात आपोआप मागे गेला, खांद्याच्याही मागे.
तिथेच थांबला.
हवा सोडली. बंद केली. मोजले वीस.
पुन्हा सोडली.
बर्फात उभं राहून, बिड्यांचं अर्धं पाकीट संपवून,
पहाटे तीनच्या सुमाराला
आत कुणीतरी कूस बदलल्यासारखा आवाज आला,
आणि पायाखालची जमीन किंचित बसली.

सकाळी तिला फोन केला.
"कितीदा मारलास?"
"एकदाही नाही."
पलीकडे चहा ओतल्याचा आवाज.
"रबर सादळलं नाही ना त्याचं?
कोरड्या जागी टांग," ती म्हणाली.